हिने ऐकलं नाही

चित्र बदलायच्या आधी यंत्राचा खट्ट असा आवाज व्हायचा आणि मधला एक क्षण पडदा नुसता पांढरा राहायचा. परभणीतल्या एका शाळेचा हॉल होता. खिडक्यांना सतरंज्या टांगून भर दुपारी अंधार केलेला, आत जिल्ह्यातल्या सत्तर-ऐंशी बालवाडी शिक्षिका, पोटात शिबिराच्या जेवणातलं वांग्याचं कालवण आणि डोळ्यांवर झापड. पुण्याच्या कुठल्याशा महिला संघटनेतून आलेल्या गीताताई हातातल्या छडीनं पडद्यावरच्या बायका दाखवत होत्या. साबणाच्या जाहिरातीतली बाई झाली, शिलाई मशीनच्या कॅलेंडरवरची झाली, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर साडी सावरत बसवलेली झाली. या बाईचा आणि नांगरटीचा काय संबंध, असं गीताताईंनी विचारलं तेव्हा पुढच्या रांगेत हशा झाला आणि चतुराबाईही थोडी हसली. सोनपेठहून पहाटेच्या गाडीनं आल्यामुळे तिचे पाय सुजले होते, ते तिनं पुढच्या खुर्चीखाली लांब केले. मग खट्ट झालं, पांढरं झालं, आणि पडद्यावर चतुराबाई आली.

भिंतीएवढी आली. फाटकं लुगडं, मांडीवर अंगाला झोंबणारं लेकरू, भोवती पाच शेंबडी पोरं, मागं विडी धरून उकिडवा बसलेला गडी. हे सगळं काळं-पांढरं. उजवीकडच्या अर्ध्या भागात रंग होते. तिथं एक गोरी बाई, तिचा इस्त्रीतला नवरा, एक मुलगा, एक मुलगी आणि टेबलावर रेडिओ. डाव्या अर्ध्याखाली लिहिलं होतं, ‘हिने ऐकलं नाही.’ उजव्या अर्ध्याखाली, ‘तुम्ही ऐका.’ चतुराबाईचा हात आपोआप पदराकडे गेला आणि तिनं तो दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला, जणू पडद्यावरचं उघडं इथून झाकलं जाणार होतं. अंधारात तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. नऊ वर्षांत ती अंगानं भरली होती, डोळ्यांवर चष्मा आला होता, कानशिलावर पांढरं दिसायला लागलं होतं. पडद्यावरची मात्र सव्वीस वर्षांचीच होती.

गीताताईंनी छडी तिच्या खांद्यावर टेकवली. हे खांदे पाहा, त्या म्हणाल्या, कसे खचलेत. मग छडी डोळ्यांवर आली. ही अर्धी मिटलेली नजर पाहा, ही एका बाईची नजर नाही, पिढ्यान्‌पिढ्या दबलेल्या बाईची आहे; आणि कुटुंबनियोजनाचे प्रचारवाले हिलाच अडाणी ठरवतात, जणू गरिबी हिनंच जन्माला घातली. त्या चांगलं बोलत होत्या. त्यांचा राग खरा होता. चतुराबाईला मात्र एवढंच आठवत होतं, की समोर एक माणूस चंदेरी कागद लावलेला पुठ्ठा घेऊन उभा होता आणि त्यानं उन्हाचा झोत सरळ तिच्या डोळ्यांत मारला होता. डोळे मिटत होते ते त्यानं. आणि खांदे वाकवून ती बसली होती, कारण त्यांनी नेसायला दिलेल्या लुगड्यावरची चोळी दुसऱ्याच कुणाची होती, तिची गाठ सुटत होती, आणि समोर चार परके पुरुष उभे होते.

पौषातले दिवस होते ते. वरच्या कचेरीतले माणिकराव सकाळीच बालवाडीत आले आणि म्हणाले, मुंबईचे लोक फोटो काढायला आलेत, सरकारी काम आहे, लेकरांसाठीच आहे. तिला वाटलं बालवाडीचा फोटो असेल. तिनं घरी जाऊन ठेवणीतली हिरवी साडी नेसली, केसांना तेल लावलं, मुलांना हातपाय धुवायला लावून ओळीनं बसवलं. जीपमधून उतरलेल्या माणसानं मुलांकडे पाहिलं आणि मान हलवली. ही फार स्वच्छ आहेत, असं तो माणिकरावांना म्हणाला. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. बाजारात वासराची पाठ बघतात तसं पाहिलं, तोंडाचा रंग, गालाची हाडं, गळ्याची शीर. ही चालेल, पण साडी नको. तेवढं बोलून ते तिला जीपमध्ये घालून गोदावरीच्या अंगाला घेऊन गेले. तिथं ऊसतोड्यांच्या कोप्या होत्या. पाचटाच्या त्या खोपटांतून त्यांनी पोरं निवडली. कुणाचं नाक वाहत होतं म्हणून घेतलं, कुणाचं पोट मोठं म्हणून. वर्ष-दीड वर्षापूर्वी नामांतराच्या दंगलीत याच भागातली किती तरी घरं उठली होती, आणि त्यातली दोन-तीन कुटुंबं आता कोयता घेऊन इथं राहत होती. त्यांच्या बायका कुणीही जीप घेऊन आलं की पोरांना आत ओढायच्या. म्हणून पोरं मिळायला वेळ लागला. पाच जमली. गडी म्हणून आश्रुबा नावाच्या तोड्याला बसवलं. त्याची बायको सारजाबाई फडात मोळ्या बांधत होती. तिचं आठ-नऊ महिन्यांचं पोरगं झोळीतून काढून त्यांनी चतुराबाईच्या मांडीवर दिलं.

चतुराबाई वालूरची. सातवी पास झालेली, वर्गात पहिली. बाप म्हणायचा, नाव ठेवलं तशी निघाली. लग्न करून पोखर्णीला दिली ती बन्सीधरला. घरची शेती, नरसिंहाच्या देवळामागं घर. सहा वर्षं झाली आणि कूस उजवेना, तेव्हा सासू धुरपताबाईनं तिचं ट्रंकेतलं सामान ओसरीवर आणून ठेवलं. भांडण नाही, मारहाण नाही, नुसती ट्रंक. त्या सहा वर्षांत तिला कुणी डॉक्टरकडे नेलं होतं, देवऋष्याकडे नेलं होतं, एकदा एका फकिराकडेही. बन्सीधरला कुठं न्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. ती निघाली त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यानं वच्छलाला आणलं, सतरा वर्षांची. हे सगळं पाठीमागं टाकून चतुराबाई सोनपेठला आली होती, दुसऱ्यांची लेकरं सांभाळत होती, त्यांना बडबडगीतं शिकवत होती. आणि त्या दिवशी, पाचटाच्या खोपटापुढं, तिच्या मांडीवर पहिल्यांदा एक लेकरू तीन तास होतं. तीन तासांत कुणी ते परत मागितलं नाही. ते जड होतं, आंबट वासाचं होतं, त्याच्या टाळूवर धूळ होती. एकदा त्यानं तिचं लुगडं ओलं केलं. भूक लागली तसं ते तिच्या छातीशी तोंड घासायला लागलं, आणि सैल चोळीतून त्याला सापडलं ते त्यानं ओढून धरलं. काही नव्हतं तिथं. तरी ते ओढत राहिलं. एक सणक छातीतून थेट ओटीपोटात गेली आणि ती जागच्या जागी थिजली. फोटोवाला ओरडला की हलू नका, हेच, हेच पाहिजे. ती हलली नाही. नंतरच्या वर्षांत तिनं स्वतःला पुष्कळदा विचारलं, की ती तेव्हा त्यांच्या हुकुमानं हलली नाही, की स्वतःहूनच. उत्तर तिला ठाऊक होतं.

उन्हाळ्यात पोस्टर लागलं. सोनपेठच्या स्टँडवर, तिकिटाच्या खिडकीशेजारी, नामांतराच्या निळ्या घोषणेवर अर्धवट चिकटवलेलं. वालूरला जायला ती गाडीची वाट बघत होती. खालची अक्षरं तिनं वाचली, सवयीनं, जोडाक्षर नीट उच्चारून, जशी ती पोरांना शिकवायची. मग चेहरा ओळखला. काय ऐकलं नाही मी, असं तिच्या मनात आलं. आयुष्यभर तिनं ऐकण्यापलीकडं काय केलं होतं? ऊठ म्हटलं उठली, जा म्हटलं गेली, ही साडी सोड म्हटलं सोडली. गाडी आली आणि गेली, ती तिथंच उभी. सोनपेठमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं की ती एकटी आहे, तेव्हा तिथं लोक हसले आणि विसरले. माणिकरावांनी तर कौतुक केलं, बाई, तुम्ही जिल्हाभर झालात. वालूरच्या भावानं मात्र त्या दिवाळीला निरोप धाडला नाही. परक्या गड्याशेजारी बायको होऊन, अंग उघडं टाकून बसलेली बहीण सेलूच्या मोंढ्यात भिंतीवर होती. तो रोज तिथून जायचा.

पोखर्णीत वेगळंच घडलं. तिथं कुणाला काय ठाऊक, चतुरा कुठं आहे आणि कशी. परभणीच्या स्टँडवर कुणीतरी पोस्टर पाहिलं आणि गावात येऊन सांगितलं. बघायला माणसं जाऊन आली. मग पारावर हिशेब जुळला: चतुरानं बिजवर केला, मोठी पोरं त्याच्या पहिलीची असणार, पण अंगावर पितंय ते लेकरू तिचं. अंगावर पितंय म्हटल्यावर शंका कशाची? म्हणजे तिची कूस चांगली होती. म्हणजे दोष बन्सीधरचा. वच्छलालाही दोन वर्षं होत आली होती आणि तिचीही ओटी रिकामी होती. पोरं बन्सीधरला बघून आपसात बोलायला लागली. एकानं म्हणे त्याला वळू दाखवून खरेदीचा भाव विचारला. हे तिला कळलं ते पुढं, बन्सीधर स्वतः आला तेव्हा, त्याच्या तोंडूनच, तुटक तुटक. तीन गाड्या बदलून तो आला होता. सकाळी बालवाडी भरलेली असताना दारात उभा राहिला. तीन वर्षांत वाळला होता. त्यानं वर्गावरून नजर फिरवली, एकेकाचं तोंड बघितलं आणि मग, आवाज न चढवता, विचारलं:

“फोटोतलं लेकरू कुठंय?”

तिला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. तो त्यासाठीच आला होता; हे खोटं आहे असं लिहून दे, म्हणजे गावात दाखवतो, असं तो पुढं म्हणणार होता. त्याच्या बंडीच्या खिशात कोरा कागद घडी करून ठेवलेला दिसत होता. तिनं त्या कागदाकडे पाहिलं, मग आतल्या खोलीच्या बंद दाराकडे.

“आत निजलंय,” ती म्हणाली.

तो त्या दाराकडे बघत राहिला. दोन पावलं टाकली असती तर दार उघडून बघता आलं असतं. आत तांदळाचं पोतं आणि पाट्या होत्या. त्यानं ती पावलं टाकली नाहीत. खिशातला कागद बाहेर निघालाच नाही. तो पाण्याचा तांब्याही न घेता वळला, आणि त्याच्या पाठीकडे बघताना तिला जे वाटलं त्याला सुख म्हणायचं की काय म्हणायचं, हे ती अजून ठरवू शकली नव्हती. सहा वर्षांत तिला जे कुणी दिलं नव्हतं ते एका कागदी चित्रानं दिलं होतं. ज्या चित्रानं तिची अब्रू भिंतीला चिकटवली त्याच चित्रानं. त्या रात्री ती नीट जेवली.

पंधरा दिवसांनी सारजाबाई आली. हंगाम संपून तोडे गावाकडं परतत होते. ती दारातच बसली, पदरानं वारं घेत. पोरगं गेलं होतं, होळीच्या आसपास, जुलाबानं, दोन दिवसांत. तिला एवढंच हवं होतं, की तो कागद कुठं मिळंल. त्याचा दुसरा फोटो नाही. चतुराबाईनं माणिकरावांकडून एक पोस्टर मागून आणलं. सारजाबाईनं ते जमिनीवर पसरलं, स्वतःच्या नवऱ्याकडे बघून किंचित हसली, आणि मग बालवाडीची कात्री घेऊन लेकरू तेवढं कापायला लागली. कापताना चतुराबाईचा हात मध्ये येत होता. तो कापला असता तर लेकराची पाठ गेली असती. सारजाबाईनं हात राहू दिला. तेवढा गोल कागद कनवटीला लावून ती गेली. चतुराबाईला वाटत राहिलं, की ज्या दिवशी आपण निजलंय म्हणालो त्या दिवशी ते मेलेलं होतं.

“हिला कुणी विचारलं असेल का?” गीताताई म्हणत होत्या. “तुझं नाव काय, तुझं म्हणणं काय?”

एवढं बोलून त्या थांबल्या. त्या काही उत्तरासाठी थांबल्या नव्हत्या. बोलणारं माणूस थांबतं तशा थांबल्या होत्या. पण नऊ वर्षांत हा प्रश्न मोठ्यानं कुणी विचारला नव्हता, आणि चतुराबाई वर्गात पहिली येणारी मुलगी होती. ती उभी राहिली. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला.

“ती बाई मीच हाय,” ती म्हणाली. “चतुराबाई माझं नाव. मला लेकरू न्हाई. एकबी न्हाई.”

कुणीतरी खिडकीवरची सतरंजी बाजूला केली आणि ऊन आत आलं. पडद्यावरची बाई पुसट झाली. गीताताई खाली उतरून तिच्याकडे आल्या, तिचे दोन्ही हात हातात घेतले; त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी तिला पुढं नेलं, बसवलं, विचारलं. ती बोलली. चंदेरी पुठ्ठ्याचं सांगितलं, तेव्हा हॉल हसला, आणि गीताताई स्वतःही हसल्या, कपाळाला हात लावून. सैल चोळीचं सांगितलं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. तिला आपला आवाज आवडायला लागला. एक वाक्य संपलं की दुसरं आपोआप तयार असायचं, आणि ऐंशी बायका ते वाक्य यायची वाट बघायच्या. असं कधी झालं नव्हतं. नवऱ्यानं टाकलं का, कुणीतरी विचारलं, आणि तिनं हो म्हटलं. कुठलं सासर? पोखर्णी. नाव? तिनं बन्सीधरचं नावही सांगितलं. सारजाबाईच्या पोराचं ती बोलली नाही, बन्सीधर बालवाडीत आल्याचं बोलली नाही, निजलंय म्हटल्याचं तर नाहीच. तेवढं मागं ठेवलं, बाकी खरं. शेवटी टाळ्या झाल्या. बाजूच्या बाकावर एका साप्ताहिकाचे तात्याराव बसले होते, ते वहीत लिहीत होते, हे तिनं पाहिलं होतं. पाहूनच बोलली होती. गीताताईंनी मग फोटोची परवानगी विचारली. नीट विचारली, नको असेल तर नको म्हणा असं दोनदा सांगितलं. चतुराबाई हो म्हणाली. पाठ सरळ ठेवा, गीताताई म्हणाल्या, हनुवटी थोडी वर घ्या. आता तुम्हाला कुणापुढं वाकायचं नाही. तिनं हनुवटी वर घेतली.

परतीच्या गाडीत तिला झोप आली नाही. गंगाखेडपर्यंत ती मनात पुन्हा पुन्हा बोलत होती, जास्त चांगलं, जास्त ठसठशीत. काहीतरी डोक्यावरून उतरलं आहे असं वाटत होतं. पुढच्या आठवड्यात साप्ताहिक आलं. पहिल्या पानावर, पोस्टरच्या छोट्या चित्राशेजारी, मथळा होता: ‘सहा लेकरांची आई निघाली निपुत्रिक’. खाली तात्यारावांनी लिहिलं होतं, की पोखर्णीच्या बन्सीधररावांनी मूलबाळ न झाल्यानं त्यागलेली ही दुर्दैवी अबला आज दुसऱ्यांच्या मुलांवर मातृत्वाची तहान भागवते आहे. चंदेरी पुठ्ठा नव्हता. चोळी होती, एका वाक्यात, गरजेपेक्षा जास्त वर्णन करून. चतुराबाईनं ते दोनदा वाचलं. त्यातल्या एकाही गोष्टीवर खोटी म्हणून बोट ठेवता येत नव्हतं, आणि सगळंच दुसऱ्या कुणाचं तरी होतं. तिनं अंक घडी करून पाट्यांखाली ठेवला. तिला वाटलं, एवढंच. ती अब्रूचा विचार करत होती, स्वतःच्या. पोखर्णीत हा अंक कुणी वाचेल आणि वाचून काय जुळवेल, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं होतं, हॉलमध्ये नाव सांगतानाच आलं होतं. तिला वाटलं होतं, बन्सीधरला लाज वाटेल.

नवरात्र संपता संपता एका सोमवारी वच्छला आली. चतुराबाईनं तिला कधी पाहिलं नव्हतं. मुलं घरी गेली होती, ती वर्ग झाडत होती. दारात एक उंच, सावळी बाई गाठोडं घेऊन उभी होती, आणि तिच्या गळ्यात जे डोरलं होतं तसंच एक कधीतरी चतुराबाईच्या गळ्यात होतं. कोण हे सांगायची गरज पडली नाही. चतुराबाईनं पाणी दिलं. वच्छला पाणी प्यायली, तांब्या उपडा ठेवला आणि सांगायला लागली, दुसऱ्या कुणाचं सांगावं तशी. तो पेपर नरसिंहाच्या देवळापुढं मोठ्यानं वाचला. दोनदा वाचला. सासूनं साखर वाटली. पोराला बट्टा नव्हता, दोन्ही बायकाच तशा निघाल्या, असं ती दारोदार सांगत फिरली. मालक नऊ वर्षांत पहिल्यांदा पारावर जाऊन बसले. मग सोनपेठच्या अलीकडच्याच एका गावची पोरगी बघितली, दिवाळीनंतरची तारीख धरली. आणि गेल्या गुरुवारी ट्रंक ओसरीवर आली.

चतुराबाईच्या हातात झाडू तसाच होता. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण हॉलमध्ये जी वाक्यं एकामागून एक तयार असायची त्यातलं एकही इथं येत नव्हतं.

“नऊ वरसं त्या कागदानं मला सांभाळलं बघा,” वच्छला म्हणाली. “मालक मारायचे, पर हाकलायचे न्हाईत. दोष आपला हाय असं त्यांच्या मनात बसलं व्हतं. मला ठावं व्हतं ती पोरं तुमची न्हाईत. ऊसतोडीच्या बायका बाजारात बोलल्या व्हत्या. मी कुणाला सांगितलं न्हाई.”

बाहेर बाजारातून परतणाऱ्या बैलगाड्या जात होत्या.

“तुमी खरं बोललात. त्यात तुमची चूक न्हाई. पर एकदा मला इचारायचं व्हतं, बाई.”

त्या म्हणण्यात राग नव्हता. राग असता तर चतुराबाईला धरायला काहीतरी मिळालं असतं. तिनं वच्छलाला राहायला सांगितलं, आणि ती राहिली, दिवाळी तोंडावर येईपर्यंत. पहाटे उठून सडा घालायची, वर्ग सारवायची, पोरांची नाकं पुसायची, बोलायची कमी. मुलांनी या कोण असं विचारलं की चतुराबाई पाहुण्या म्हणायची. भांडी घासताना दोघी एकमेकींकडे पाठ करून बसायच्या. कधी कधी चतुराबाईला तिच्या पाठीवरच्या जुन्या वळाचं टोक चोळीबाहेर दिसायचं आणि ती नजर काढून घ्यायची. चतुराबाईच्या वेळी मारहाण नव्हती. ती नंतर आली होती. कागदाबरोबर आली होती. ज्या दिवशी ती नीट जेवली होती त्या दिवशी बन्सीधर तीन गाड्या बदलून घरी पोचला असेल, आणि दारात कोण उभं असेल. हे तिनं कधी मनात आणलं नव्हतं. तिच्या सुखाची रक्कम इतकी वर्षं दुसरंच कुणी भरत होतं आणि तिला त्या बाईचं तोंडही ठाऊक नव्हतं.

गीताताईंचं पत्र आलं ते या दिवसांतच. मासिकात तुमच्यावर मोठा लेख करते आहे, त्यांनी लिहिलं होतं, तुमच्याच शब्दांत हवा, राहून गेलेलं काही असेल तर कळवा, आणि पुढच्या महिन्यात पुण्याला परिषदेला या. चतुराबाईनं तीन संध्याकाळी बसून उत्तर लिहिलं. सगळं लिहिलं. बंद दार, निजलंय, सारजाबाईची कात्री, साखर, ट्रंक. मी बोलले तेव्हा माझ्याजवळ जे होतं ते फक्त माझं नव्हतं, असं तिनं लिहिलं, आणि हे वाक्य तिला परभणीच्या हॉलमधल्या सगळ्या वाक्यांपेक्षा खरं वाटलं. मला छापायचं असेल तर वच्छलालाही छापा, तिचं नाव माझ्या आधी घाला. पाच पानं झाली. पाकीट बंद करायच्या आधी तिनं यावेळी विचारायचं ठरवलं.

वच्छलाचा भाऊ सुग्रीव तिला न्यायला आला होता. त्याची बायको मागच्या वर्षी गेली होती. कोयत्याला जोडी लागते, एकट्या गड्याला मुकादम घेत नाही, म्हणून तो बहिणीला तोडीला घेऊन चालला होता. मुकादमाचा ट्रॅक्टर उद्या सकाळी सुटणार होता. तो बाहेर कट्ट्यावर बसला. आत दिवेलागणीच्या वेळी चतुराबाईनं पाचही पानं वाचून दाखवली, हळू, पोरांना वाचून दाखवावी तशी. वच्छला गाठोड्यावर हात ठेवून ऐकत होती. स्वतःचं नाव आलं की तिची पापणी हलायची.

“लई चांगलं लिव्हलंय,” ती म्हणाली. “पर माझं नाव कुठं घालू नका.”

चतुराबाईनं तिला सांगून बघितलं. ही त्या तात्यारावांसारखी माणसं नाहीत, या बायका आपल्या बाजूनं लिहितात. लोकांना कळायला नको का. बोलताना तिला आपल्या आवाजात गीताताईंचा आवाज ऐकू आला आणि ती मध्येच थांबली. वच्छला नुसती मान हलवत होती. मुकादमाच्या टोळीत सगळे आपल्या भागातलेच, ती म्हणाली. सहा महिने उघड्यावर राहायचं. टाकलेली हाय एवढं लोकांना कळतंयच, त्याच्यावर आणि छापून कशाला?

“नाव न्हाई घातलं तर?”

“तरी वळखतेत. गावातलं एक माणूस वाचतंय, बाकीचे ऐकतेत. तुमाला ठावं हाय की.”

चतुराबाईनं पानांची चळत सारखी केली. वच्छलाला काढलं तर त्या पानांत काय उरत होतं ते तिनं मनात वाचून बघितलं. एक बाई उरत होती, पाठ सरळ, हनुवटी वर, जिच्यामागं कुणी नव्हतं. तसं लिहून पाठवलं तर ते छापलं जाईल, आणि वाचून लांबच्या शहरातल्या बायकांना बळ येईल. ते बळही खोटं नसेल.

“मग काय कळवू त्यांना?” तिनं विचारलं.

“तुमचं तुमी बघा,” वच्छला म्हणाली. “माझ्यासाठी भाकरी तेवढ्या बांधून द्या. फडावर पोचायला दोन दिवस लागतेत.”

चतुराबाईनं पानं जमिनीवर ठेवली आणि ती पिठाच्या डब्याकडे गेली.